कुंपणापलीकडचं गवत : क्लॅरेन्स स्लॉकी आणि त्यांची झाडं

मंडळी, सिडनीतल्या कुठल्याही मराठी घराच्या मागच्या अंगणात डोकावून बघा. कुंडीत तुळस, कुंपणाच्या कडेला कढीपत्ता, नळाजवळ गवती चहाचं ठोंब, आणि घरात कोणी हौशी असेल तर अळूची चार पानं. यातलं प्रत्येक रोप कोणाकडून आणलं, कुठल्या वर्षी थंडीनं गेलं होतं आणि पुन्हा कसं फुटलं, हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. कुंपणापलीकडे कौन्सिलने लावलेल्या पट्ट्यात जे उगवतं, त्याला मात्र आपल्या घरांत एकच नाव असतं : गवत. जरा उंच असलं की झाड, आणि पानं चोळून वास आला की निलगिरी. संपली यादी!

आम्ही पडलो सिव्हिलवाले. मास्टर्स करायला या देशात आलो आणि इथलेच झालो. पावसाच्या पाण्याचा निचरा हा आमचा रोजचा धंदा. रस्त्याकडेच्या पाणी जिरवणाऱ्या चरांच्या नकाशावर ‘लोमँड्रा’ हे नाव आम्ही शेकडो वेळा घातलं असेल. कारण सरळ आहे. त्याची मुळं माती धरून ठेवतात, पाणी साचलं तरी चालतं, महिनाभर पाऊस नसला तरी चालतं, आणि देखभालीचा खर्च जवळजवळ नाही. कार पार्कमध्ये, शाळेच्या फाटकाशी, स्टेशनच्या उताराला जे लांब पात्यांचे हिरवे झुबके दिसतात, ते बहुधा हेच.

आता या झुबक्याची दुसरी बाजू बघा. त्याची पाती चिरून, भिजवून त्यांच्या टोपल्या आणि जाळ्या विणतात. पात्याचा बुडखा पांढरा आणि कोवळा असतो, तो चावून खातात. चव साधारण कच्च्या मटारासारखी. बिया कुटून पीठ करतात. म्हणजे आमच्या नकाशावरची ती एक ओळ इथल्या मूळ रहिवाशांच्या घरात भांडं होती, भाजी होती आणि पीठही होती. ही दुसरी बाजू शहरातल्या माणसांना दाखवणं हेच ज्यांनी आयुष्याचं काम केलं, अशा एका गृहस्थांची ओळख या अंकात करून द्यायची आहे. त्यांचं नाव क्लॅरेन्स स्लॉकी.

एबीसीवरचा ‘गार्डनिंग ऑस्ट्रेलिया’ हा कार्यक्रम आपल्यापैकी बरेच जण बघतात, निदान टोमॅटोवर कीड पडली की बघतात. त्यात हसतमुखाने झुडपांत शिरून पान तोडून हुंगायला लावणारे जे गृहस्थ दिसतात, ते हेच. पण टीव्ही हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. मूळ काम शिक्षकाचं.

बागेतला मास्तर

स्लॉकी हे बुंजलुंग राष्ट्रातल्या मिंजुंगबल लोकांपैकी. बुंजलुंग म्हणजे न्यू साउथ वेल्सचा उत्तरेकडचा किनारा, क्वीन्सलंडच्या हद्दीला लागून. इथे ‘राष्ट्र’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. १७८८ साली इंग्रज आले तेव्हा या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. ‘अ‍ॅबोरिजिनल’ या एका शब्दात त्या सगळ्यांना कोंबणं म्हणजे मराठी, तमीळ आणि काश्मिरी माणसाला एकच ‘इंडियन’ लेबल लावून मोकळं होण्यासारखं आहे, आणि त्यावर आपण किती चिडतो हे आपल्याला ठाऊकच आहे.

त्यांनी सिडनीच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये अनेक वर्षं शिक्षण विभागात काम केलं. शाळेच्या मुलांना आणि पाहुण्यांना बागेतून फिरवायचं आणि झाडांच्या निमित्ताने इथल्या लोकांची गोष्ट सांगायची. शिवाय ते नाच-गाण्याचे कार्यक्रमही करत आले आहेत. आपल्याकडे कीर्तनकार जसा गाऊन, नाचून, हसवून नेमकी गोष्ट गळी उतरवतो, त्यातलाच हा प्रकार समजा.

ही बाग म्हणजे साधीसुधी जागा नव्हे. तिची स्थापना १८१६ सालची. पण त्याआधी, १७८८ मध्ये, वसाहतीची पहिली शेती इथेच झाली. म्हणून शेजारच्या खाडीला फार्म कोव्ह म्हणतात. तिचं जुनं नाव वुगनमगुल्या. गव्हर्नर फिलिप यांच्या माणसांनी इथे नऊ एकरांत मका पेरला, पण पदरात फारसं काही पडलं नाही. वालुकाश्मावरची पातळ, निकस माती. इंग्लंडचं बियाणं आणि इंग्लंडची पद्धत तिथे चालेना. त्याच वर्षी शेती आत रोझ हिलला, म्हणजे आजच्या पॅरामॅटाकडे, हलवावी लागली. १७९० पर्यंत वसाहत अर्ध्या शिध्यावर, उपासमारीच्या कडेवर होती. आणि त्याच किनाऱ्यावर गडीगल लोक हजारो वर्षं मासे, शिंपले, कंद आणि फळं खाऊन राहत होते! १७८९ च्या देवीच्या साथीत मात्र त्यांच्यातले फार मोठ्या संख्येने गेले, आणि त्यांच्याबरोबर अर्थातच त्यांचं ज्ञानही गेलं.

आज त्या जागी ‘कॅडी जॅम ओरा’ नावाचा बागेचा एक भाग आहे. अर्थ : मी कॅडीमध्ये आहे. कॅडी किंवा गडी हे ग्रास ट्रीचं नाव, आणि त्यावरूनच गडीगल हे लोकांचं नाव. हे झाड वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे माणसाएवढं खोड दिसलं तर ते आपल्या पणजोबांच्याही आधीचं असू शकतं. त्याच्या फुलोऱ्याचा उंच सरळ दांडा भाल्यासाठी, तोच सुकला की घासून विस्तव पाडायला. फुलं पाण्यात भिजवून गोड सरबत. खोडातली राळ तापवली की पक्का डिंक. भाल्याचं पातं दांड्याला जोडायला. एका झाडात सुतारकाम, स्वयंपाकघर आणि हार्डवेअरचं दुकान. लोकांनी स्वतःला त्याचं नाव घेतलं यात नवल ते काय!

स्लॉकींसारख्या मास्तरांच्या कामाचं मर्म इथे आहे. झाड दाखवून ते फक्त झाडाबद्दल बोलत नाहीत. झाडाचं नाव घेतलं की ते नाव ठेवणारी माणसं समोर उभी राहतात. वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात माणूस वगळता येतो, इथे तो वगळता येत नाही.

आपली सोयरीक

तुम्ही म्हणाल, याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो चक्क सोयरिकीचा आहे.

इथली लिली पिली आणि आपलं जांभूळ ही एकाच कुळातली, ‘सिझिजियम’ या एकाच प्रजातीची भावंडं. सिडनीत कुंपण म्हणून सर्रास लावतात त्या लिली पिलीची गुलाबी फळं खाऊन बघा. आंबट-तुरट चव लगेच ओळखीची वाटते. पुणे-बंगलोरच्या रस्त्यांवरचा सिल्व्हर ओक मूळचा स्लॉकींच्या बुंजलुंग मुलखातल्या आणि त्याच्या उत्तरेकडच्या जंगलांतला. निलगिरीचं तर विचारूच नका. नाव आपल्या डोंगराचं, झाड यांचं. कोकणात रस्त्याकडेला वनखात्याने लावलेली ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ नावानेच आपला पत्ता सांगते.

बाभळीची गंमत अजून पुढे आहे. आपली बाभूळ आणि इथला वॉटल यांना शास्त्रज्ञ एकाच ‘अकेशिया’ नावाने ओळखत. पुढे अभ्यासात दिसलं की हे एक घराणं नव्हेच, वाटणी करायला हवी. मग प्रश्न आला, मूळ नाव कोणाकडे राहणार? २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतीशास्त्र परिषदेत आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत निकाल लागला तो ऑस्ट्रेलियाच्या बाजूने. वॉटल अकेशियाच राहिला आणि आपली बाभूळ शास्त्राच्या कागदावर ‘वॅचेलिया’ झाली. वाटणीत आडनाव गेलं, पण सवयी राहिल्या : आपण बाभळीचा डिंक लाडवात घालतो, इथले लोक वॉटलचा डिंक खात आले, आणि त्याच्या बिया भाजून, दळून त्याची भाकरीही करत आले.

स्वयंपाकघरातलं अजून एक. अळू नीट शिजवून, चिंच घालूनच खायचं, नाहीतर घसा खवखवतो, हे आपल्या आज्यांनी ऑक्झलेट हा शब्द न ऐकता आपल्याला शिकवलं. इथली वॉरिगल ग्रीन्स ही पालकासारखी रानभाजी तशीच. आधी उकळत्या पाण्यात घालून काढायची, ते पाणी फेकून द्यायचं, मग खायची. १७७० मध्ये कॅप्टन कुकने आपल्या खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून ही भाजी खाऊ घातली होती.

आणि नियम न विचारता खाल्लं तर काय होतं, हेही कुकच्या त्याच सफरीत दिसलं. उत्तरेत एंडेव्हर नदीच्या काठी त्यांच्या माणसांनी सायकॅडच्या बिया खाल्ल्या आणि ती आजारी पडली. जहाजावरची डुकरंसुद्धा दगावली. याच जातीच्या बिया मूळ रहिवासी खात, पण फोडून, भाजून, वाहत्या पाण्यात दिवसच्या दिवस ठेवून, विष उतरवून. आम्हा इंजिनियरांच्या भाषेत ही ‘प्रोसेस’ झाली, आणि ती लिहून ठेवलेली नसून माणसांच्या डोक्यात आणि हातांत होती. ज्या पिढीची मुलं सरकारने घरातून उचलून नेली, ज्यांना शाळेत स्वतःची भाषा बोलायची बंदी झाली, त्या पिढीत अशा किती प्रोसेस तुटल्या असतील याचा अंदाज करा. २००८ च्या १३ फेब्रुवारीला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली ती याच पिढ्यांची. स्लॉकी आणि त्यांच्यासारखे शिक्षक फिरायला नेतात तेव्हा ते पर्यटन वाटतं, पण तुटलेली टोकं पुन्हा जोडण्याचं काम त्यात चालू असतं.

काँक्रीटवर डोंगर

बोटॅनिक गार्डननंतर स्लॉकींनी बॅरंगारू रिझर्व्हमध्ये काम केलं. तिथल्या सांस्कृतिक फेऱ्या आणि शिक्षण यांत त्यांचा मोठा वाटा. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला ही जागा, आणि इथे आमच्यातल्या सिव्हिलवाल्याला राहवत नाही, म्हणून थोडं विस्ताराने.

बॅरंगारू ही कॅमेरेगल लोकांतली स्त्री, बेनेलाँगची बायको, पहिल्या वसाहतीच्या काळातली. ती १७९१ मध्ये वारली. मासेमारीत तरबेज, आणि इंग्रजांपुढे न वाकणारी म्हणून प्रसिद्ध. तिच्या नावाची ही जागा कित्येक वर्षं कंटेनर उतरवायचा सपाट काँक्रीटचा धक्का होती. तिथे ऑगस्ट २०१५ मध्ये सहा हेक्टरचं हिरवं टेकाड लोकांसाठी खुलं झालं. जागेवरच खोदून काढलेल्या वालुकाश्माचे दहा हजार ठोकळे किनाऱ्यावर आणि पायऱ्यांना लावले. झाडं-झुडपं ७५ हजारांहून अधिक, जाती ८४, आणि त्यांतल्या पाच सोडून बाकी सगळ्या सिडनी परिसरातल्या.

पण माती आणायची कुठून? दुसरीकडचं रान खरवडून आणलं तर एक जागा सुधारायला दुसरी बिघडवली. मृदाशास्त्रज्ञ सायमन लीक यांनी मातीच तयार केली : तिथलाच वालुकाश्म भरडून, वाळू आणि कंपोस्ट मिसळून. उद्यानतज्ज्ञ स्टुअर्ट पिटेंड्री यांनी जाती निवडल्या. मातीत फॉस्फरस कमी ठेवणं फार महत्त्वाचं होतं, कारण बँक्सियासारख्या झाडांची मुळं निकस जमिनीतून कणकण वेचायला घडलेली असतात. भरपूर फॉस्फरस दिला तर ती मरतात. (आपल्या मंडळींपैकी ज्यांनी प्रेमाने बँक्सियाला कोंबडीखत घातलं आणि मग नर्सरीला दोष दिला, त्यांनी नोंद घ्यावी!) १७८८ मध्ये ज्या मातीने फिलिपच्या मक्याला दाद दिली नाही, तीच निकस माती आता मुद्दाम बनवावी लागली, कारण इथल्या झाडांना तीच लागते.

अशा जागी शिक्षकाचं काम अजून अवघड होतं. काल बांधलेल्या टेकाडावर पुरातन गोष्ट कशी सांगायची? पण झाडं खरी होती, आणि समोरचं पाणी तेच होतं जिथे बॅरंगारू होडीतून मासे धरायची.

छतावरची शेती

त्यापुढचं पाऊल आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याच्या बागेत गोष्ट सांगणं आणि स्वतः बाग उभारणं यांत फरक आहे. २०१८ मध्ये स्लॉकी आणि ख्रिश्चन हॅम्पसन यांनी ‘येराबिंगिन’ ही संस्था काढली, आणि २०१९ मध्ये साउथ इव्हलीला एका इमारतीच्या छतावर साधारण ५०० चौरस मीटरची देशी वनस्पतींची शेती उभी राहिली. खाण्याची, औषधाची आणि परंपरेत महत्त्वाची अशी झाडं तिथे लावली.

जागाही बोलकी आहे. इथे पूर्वी इव्हली रेल्वे वर्कशॉप होतं, आणि तिथे कित्येक अ‍ॅबोरिजिनल कामगार होते. शेजारी रेडफर्न, जिथे १९७० मध्ये अ‍ॅबोरिजिनल लोकांची स्वतःची कायदेविषयक मदत सेवा आणि १९७१ मध्ये स्वतःची वैद्यकीय सेवा सुरू झाली. छतावर शेती करणं म्हणजे काय, तेही सांगतो. साधी माती ओली झाली की घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते. फूटभर जाडीची माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोंहून जास्त वजन. म्हणून हलकं मिश्रण, उथळ मुळांच्या जाती, आणि वारा-उन्हाचा हिशोब. समुद्रकाठच्या खडकांवर वाढलेल्या झाडांना या हिशोबाची सवय असते.

पुढे स्लॉकींनी ‘जिवाह’ ही स्वतःची संस्था सुरू केली. देशी झाडांच्या बागांची रचना, लागवड, निगा आणि त्याबरोबर शिक्षण असं तिचं काम. मराठी कानाला त्या नावात ‘जीव’ ऐकू येतो. तो अर्थात योगायोग.

या पावलाचं महत्त्व पैशात आहे, आणि ते स्पष्ट बोलायला हवं. इथल्या हॉटेलांत आता वॉटलसीड, लेमन मर्टल, फिंगर लाइम यांची चलती आहे. पण या देशी खाद्यपदार्थांच्या धंद्यात मूळ रहिवाशांचा वाटा जाणकारांच्या मते जेमतेम एक-दोन टक्के. मॅकॅडेमियाचं उदाहरण घ्या. उत्तर न्यू साउथ वेल्स आणि दक्षिण क्वीन्सलंडच्या जंगलातलं हे झाड. १८५७ मध्ये त्याला नाव मिळालं ते जॉन मॅकॅडम या गृहस्थांचं, आणि जगाच्या बाजारात ते गाजलं ते हवाईचा मेवा म्हणून! ज्यांनी ते हजारो वर्षं खाल्लं आणि राखलं, त्यांचं ना नाव राहिलं ना हिस्सा.

हे दुःख आपल्याला समजायला हवं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं, तेव्हा आपण सगळे केवढे खवळलो होतो! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर लढली, जुने ग्रंथ पुरावा म्हणून मांडले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पण आपल्याकडे ग्रंथ होते, प्रयोगशाळा होत्या, पाठीशी सरकार होतं. ज्यांचं ज्ञान गाण्यात, नाचात आणि आजीच्या हातात होतं, त्यांनी कोणता कागद दाखवायचा? म्हणून त्यांच्याच माणसांनी चालवलेली शेती, त्यांच्याच तरुणांना मिळालेली नोकरी, यांना मोल आहे.

मग आपण काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधी मंडळाचा प्रस्ताव सुमारे साठ टक्के लोकांनी नाकारला. कोणी कसं मत दिलं हा ज्याचा त्याचा प्रश्न, आणि हे पान त्या वादाचं नव्हे. पण त्या दिवसांत आपल्या जेवणाच्या टेबलांवर एक गोष्ट सारखी ऐकू यायची : “अहो, आपली त्यांच्याशी ओळखच कुठे आहे?” हे म्हणणं खरं होतं. ओळख भाषणांनी होत नाही. एका नावापासून, एका पानापासून ती सुरू होते, आणि स्लॉकींचं सगळं काम हीच सुरुवात करून देण्याचं आहे.

तेव्हा काही सोप्या गोष्टी. पुढच्या वेळी भारतातून आई-बाबा आले की ऑपेरा हाउससमोर फोटो काढून परत फिरू नका. दहा मिनिटं पुढे चालून बोटॅनिक गार्डनमध्ये ग्रास ट्री दाखवा. बॅरंगारूला टेकाडावर जा. मूळ रहिवासी मार्गदर्शक असलेली फेरी मिळाली तर तिकीट काढून जा. आपण फुकट काही मिळतंय का ते आधी बघतो, पण हे पैसे योग्य हातात जातात. तिथल्या ज्येष्ठांना सगळे ‘आंटी’ आणि ‘अंकल’ म्हणतात, नातं असो वा नसो. आपल्या काका-मावशीसारखंच, त्यामुळे जीभ अडखळणार नाही.

घरी करायचं असेल तर अळूच्या शेजारी वॉरिगल ग्रीन्स लावा. नर्सरीत रोप मिळतं, आणि पाण्याची फार मिजास नाही. उकळत्या पाण्यातून काढून, पाणी टाकून, लसणाची फोडणी देऊन पीठ पेरून भाजी करा. आमच्या घरी दोनदा झाली, दोन्ही वेळा पातेलं रिकामं. सौ. म्हणते चाकवताच्या वळणावर जाते. आम्हाला ती पालकाकडे झुकल्यासारखी वाटते. मंडळाच्या वसंतातल्या सहलीला डबा भरून आणणार आहोत. चाखून तुम्हीच काय तो निकाल द्या.